रोजचा पावणा

येडगावच्या घाटावर कुंडलिकची दशक्रिया होती आणि कावळा काही पिंडाला शिवत नव्हता.

भाषणं उरकली होती. आपल्याकडे दहाव्याला भाषणांची ददात नसते. जे कुंडलिकशी उभ्या जन्मात दोन शब्द धड बोलले नव्हते, त्यांनीही माईक हातात घेऊन 'न भरून येणारी पोकळी' वगैरे सांगून टाकलं होतं आणि ते पुढच्या गावच्या दहाव्याला निघून गेले होते. राहिली होती घरची माणसं, गुरुजी आणि पानावर वाळत चाललेला भात. समोरच्या बाभळीवर चार-पाच कावळे होते, पण आमंत्रणच न मिळाल्यासारखे तोंड फिरवून बसले होते.

मग अशा वेळी जे करतात ते सुरू झालं. गेलेल्याचा जीव कशात अडकलाय ते ओळखायचं आणि तसा शब्द द्यायचा. मुलगा आदेश पुढे झाला. त्याचं मंचरला मोबाईलचं दुकान आहे. "आण्णा, मळा इकणार न्हाई," तो म्हणाला. कावळे ढिम्म. धाकटा भाऊ सोपान म्हणाला, "दादा, बांधाचं भांडण मिटवतो." यावर तर माणसांचाही विश्वास बसला नाही, कावळ्यांचं काय घेऊन बसलात.

ऊन चढलं. सोपान टॉवेलनं मान पुसत पुटपुटला, "जल्मभर बुजगावण्यांचं फोटू काढत हिंडला. डूख धरला असंल कावळ्यांनी." दोघं-तिघं तोंडावर हात ठेवून हसले. गुरुजींना दुसरीकडे जायचं होतं, त्यांनी दर्भाचा कावळा करायला घेतला. खरा कावळा येत नाही तेव्हा गवताचा कावळा करून पिंडाला लावतात आणि वेळ भागवतात.

ते गवत बघून भिमाबाई उठली. कुंडलिकची बायको. दहा दिवस ती कुणाशी बोलली नव्हती. नवऱ्याला गवताचा कावळा शिवणार, हे काही तिला सोसलं नाही. पिंडासमोर उभी राहून ती म्हणाली, "अवं, तुमची ती साईट मी चालू ठेवीन. बंद पडू द्यायची न्हाई. जावा आता."

आणि बाभळीवरचा एक कावळा उठला, सरळ खाली आला आणि त्यानं भातात चोच घातली.

घाटावर सगळ्यांच्या अंगावर काटा आला. गुरुजींनी गवत टाकून दिलं. सोपाननं वहिनीकडे असं पाहिलं, जणू ती आजवर त्याला दिसलीच नव्हती. चार माणसांत दिलेला आणि वरून पोचपावती मिळालेला शब्द होता तो. आता तो पाळण्यावाचून गत्यंतर नव्हतं.

कुंडलिक वायरमन होता. तीस-बत्तीस वर्षं जुन्नर आणि आंबेगावच्या शेतांतून खांब चढत-उतरत गेली. डीपीवर फ्यूज टाकायला गेला की काम झाल्यावर हा तिथल्या पिकातलं बुजगावणं बघत उभा राहायचा. पुढे फोन आला तसा फोटो काढायला लागला. निवृत्त झाल्यावर एक जुना कॉम्प्युटर आणला, पडवीत मांडला आणि दोन बोटांनी टाईप करत स्वतःच्या हातानं साईट बनवली. कुणाची मदत नाही, तयार साचा नाही. एक पुस्तक आणि भरपूर शिव्या एवढ्यावर त्यानं ते निभावलं. मागचा रंग असा भडक गुलाबी, की डोळे दुखावेत. वर मोठ्या अक्षरांत 'या पावणं, बसा'. त्याखाली एकेका बुजगावण्याचं पान.

लोणीचा साहेब होता, कुणाच्या तरी लग्नातला कोट घातलेला. खाली कुंडलिकनं लिहिलं होतं, 'साहेबाच्या खिशात चिमणीनं घर केलंय. साहेबाला पत्ता नाही.' लाल ब्लाऊजात पेंढा भरलेली नवरी होती: 'तीन पावसाळे उभी आहे. वरात वाटेत कुठं अडकली देव जाणे.' पडलेल्या उमेदवाराचा फ्लेक्स बाजरीत बांबूला बांधलेला होता: 'याला पाखरंसुद्धा भ्यायली नाहीत, म्हणून मालकानं उतरवला.' स्वतःच्या मळ्यातलं बुजगावणंही होतं: 'भिमाचं हिरवं पातळ नेसलेली. पाखरं लांब राहतात. मी पण.'

ते वाचून भिमाबाईनं दोन दिवस अबोला धरला होता. आणि शेवटचं पान त्यानं दुखण्यातून उठून, धापा टाकत केलं होतं. मळ्यातल्या बुजगावण्याला त्यानं आपला खाकी शर्ट घातला, फोटो काढला आणि लिहिलं, 'हा मी. ड्युटीवर. लाईट गेली तर याला विचारू नका.'

आदेश त्याला नेहमी सांगायचा, "आण्णा, हे कोण बघतंय? रील टाका. एका दिसात लाखभर लोकं बघत्यात." कुंडलिक म्हणायचा, "तिथं माझ्या साहेबाशेजारी कुणीतरी नाचतंय, पलीकडं कुणीतरी साबण इकतंय. बाजारात उभं करायला न्हाई केलं मी ते. आपलं वावर आपल्या ध्यानानं पेरावं. ज्याला यायचं तो वाट वाकडी करून यील." मुलगा हसायचा. बापही हसायचा, पण दुखावलेला असायचा. भिमाबाईला दोघांचंही पटायचं आणि ती चहा टाकायला उठायची.

शब्द देऊन बसली खरी, पण साईट चालू ठेवतात म्हणजे काय करतात, हे तिला कुठं ठाऊक होतं? कुंडलिकनं तिला एवढंच शिकवलं होतं, की काचेवरच्या पिवळ्या चित्रावर दोनदा टिचकी मारली की ती उघडते. तिनं आदेशला फोन केला. दुकानात गिऱ्हाईक उभं होतं. तो म्हणाला, "आय, कॉम्प्युटर चालू ठेव म्हंजी झालं." आणि फोन ठेवला.

झालं तर मग. भिमाबाईनं कॉम्प्युटर चालू ठेवला. दिवसा, रात्री, सणाला, सुतकाला. त्याला कुणाला हात लावू देईना. पडवीत कांद्याच्या गोण्या येऊन पडायच्या, त्यांची धूळ नको म्हणून तिनं त्याच्यावर आपलं जुनं पातळ पांघरलं, फक्त काच उघडी ठेवली. इन्व्हर्टर बसवून घेतला. इन्व्हर्टर दमेल एवढा वेळ लाईट गेली की ती कुंडलिकच्या जुन्या साथीदारांना फोन लावायची. "आरं, तुमच्या भाऊंची साईट बंद पडंल ना!" ते बिचारे खांबाखांबानं धावायचे. त्या वर्षी येडगावची लाईट जेवढी टिकली तेवढी कधी टिकली नव्हती, आणि गावाला त्याचं कारण माहीत नव्हतं.

रोज सकाळी देवापुढे दिवा लावला की ती पडवीत यायची, पिवळ्या चित्रावर दोनदा टिचकी मारायची. गुलाबी पान उघडायचं. पानाच्या तळाशी एक आकडा होता, 'आजवर आलेले पावणं'. कुंडलिकनं तो तिला मुद्दाम दाखवला होता. कुणी साईट बघून गेलं की तो एकानं वाढतो.

आणि तो रोज एकानं वाढलेला असायचा.

पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा ती तशीच शेजारच्या साळुबाईकडे गेली. "काल एक पावणा येऊन गेला," म्हणाली. दुसऱ्या दिवशी परत एक. तिसऱ्या दिवशी परत एक. कधी दोन नाहीत, कधी शून्य नाही. म्हणजे हा कुणीतरी एकच माणूस असणार, नेमानं येणारा. भिमाबाईला त्याची ओढ लागली. कोण असेल? लोणीचा तो कोटवाला शेतकरी? की कुंडलिकसारखाच कुणी रिकामटेकडा वायरमन, लांब कुठंतरी राहणारा? बायकोचा डोळा चुकवून बघत असेल का? सकाळचा चहा ती पडवीतच प्यायला लागली. आकडा बघायची आणि म्हणायची, "आलतास व्हय? बरं झालं बाबा." घरात दुसरं होतं कोण बोलायला!

एकदा सून अश्विनी आजारी पडली म्हणून भिमाबाईला चार दिवस मंचरला जावं लागलं. कॉम्प्युटर चालू ठेवून, साळुबाईला राखण बसवून ती गेली. परत आली आणि चप्पल न काढता आधी पान उघडलं. आकडा फक्त एकानं वाढला होता. तिला वाईट वाटलं. मग तिनंच त्याची समजूत घातली, "तूबी गावाला गेला असशील." दुसऱ्या दिवसापासून तो परत नेमानं यायला लागला, तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला.

मंचरला होती तेव्हा आदेशनं तिला एक गंमत दाखवली होती. त्यानं त्या नवरीचा फोटो काचेवरून काढून नेला होता आणि गाणं लावून रील टाकली होती. खाली बदामांचा नुसता खच. "बघ आय, एका दिसात किती!" भिमाबाईनं निरखून पाहिलं. "आण्णांनी लिवलेलं कुठाय?" आदेश म्हणाला, "वाचतंय कोण?" संध्याकाळी अश्विनीला दाखवावं म्हणून तो ती रील शोधायला लागला, तर शंभर नाचांच्या खाली ती कुठं गडप झाली ती त्याची त्यालाच सापडेना. आपल्याकडे एकच येतो, पण तो वाट वाकडी करून येतो, एवढंच भिमाबाईच्या मनात आलं. त्या विचारावर तिनं पुढचे कितीतरी दिवस काढले.

वर्षश्राद्ध जवळ आलं. आमंत्रणांची यादी सोपाननं हातात घेतली, कारण एखादं नाव राहिलं तर आपल्याकडे मेलेल्यापेक्षा जिवंत माणसं जास्त अडून बसतात. भिमाबाईला मात्र एकच नाव घालायचं होतं आणि ते तिला माहीत नव्हतं. वर्षभर जो रोज दारात आला, त्याला जेवायला बोलवायचं नाही म्हणजे काय? सोपानची मुलगी तेजस्विनी पुण्याला कॉम्प्युटरच्या कंपनीत आहे. ती श्राद्धासाठी आली तशी भिमाबाईनं तिला पडवीत ओढलं.

"पोरी, मला यात एक वळ लिवून दे. रोज येणाऱ्या पावण्यानं आमच्याकडं जेवायला यावं. दिवस लिव. येडगावचा पत्ता लिव."

तेजस्विनीला हसू आलं, पण मोठ्या आईचा चेहरा बघून तिनं ते गिळलं. कॉम्प्युटरवरचं पातळ बाजूला केलं, कुंडलिकनं लिहिलेलं उघडलं आणि 'या पावणं, बसा' याच्या खाली नीट ओळ घातली. मग दिसतंय का बघावं म्हणून तिनं स्वतःच्या फोनवर साईटचा पत्ता टाकला.

फोनवर गुलाबी काहीच आलं नाही. पत्त्यांच्या जुगाराची जाहिरात आली.

तिनं परत टाकला. परत तेच. मग ती बराच वेळ फोनवर काहीतरी शोधत राहिली आणि तिचा चेहरा उतरत गेला.

"काय झालं?"

"मोठी आई, ही साईट इथं नसते. म्हणजे हे आहे ते काकांनी घरात ठेवलेलं आहे. लोकांना दिसते ती लांब, परदेशातल्या एका कंपनीच्या मशीनवरची. ते फुकट जागा द्यायचे. त्यांनी ते सगळंच बंद केलं."

"कधी?"

"गेल्या वर्षी. काका गेले त्याच महिन्यात."

भिमाबाई ऐकत होती. तिला वाटलं, या शिकलेल्या पोरीला काहीतरी कळत नाहीये. "अगं, बंद कशी असंल? पावणा येतोय की रोज. आज सकाळी पण येऊन गेला. ह्यो बघ आकडा."

तेजस्विनीनं आकडा पाहिला. तिला सांगवेना. पण न सांगून तरी काय करणार? तिनं पान बंद केलं आणि पुन्हा उघडलं. आकडा एकानं वाढला. बंद केलं, उघडलं. परत एकानं वाढला. "हे मोजायचं काम दुसऱ्या कंपनीकडे आहे, ती अजून चालू आहे," ती हळू आवाजात म्हणाली. "पान जिथनं उघडेल तिथनं मोजते."

भिमाबाईनं तिचा हात बाजूला केला. स्वतः पिवळ्या चित्रावर दोनदा टिचकी मारली. आकडा वाढला. पुन्हा मारली. पुन्हा वाढला. मंचरचे ते चार दिवस तिला आठवले, आणि परत आल्यावरचा तो एकच आकडाही. मग ती खुर्चीत बसली आणि पदर तोंडात धरून रडली. नवरा गेला तेव्हासुद्धा ती अशी रडली नव्हती. तेव्हा निदान गेलं कोण ते माहीत होतं.

तेजस्विनी घाबरली. "मोठी आई, रडू नको ना. सगळं आहे यात. मी पेनड्राईव्हवर घेते आणि दुसरीकडे चढवते. दोन तासांचं काम. श्राद्धाच्या आत साईट चालू करून देते."

भिमाबाईनं डोळे पुसले. हे असं होत असेल तर बरंच झालं म्हणायचं. तेजस्विनीनं पेनड्राईव्ह लावला. कॉम्प्युटरनं तो ओळखला नाही. दुसरीकडून लावला, तरी नाही. वर्षभर अंग न टेकलेलं ते यंत्र, त्याला आता नवं काही समजेनासं झालं होतं. "एकदा बंद करून चालू करावं लागेल," तेजस्विनी म्हणाली. आणि म्हणाल्यावर तिलाच अवघडल्यासारखं झालं.

"बंद?"

"मिनिटभर फक्त."

भिमाबाई पडवीतून बाहेर जाऊन उभी राहिली, मळ्याकडे बघत. तिथं खाकी शर्टातलं बुजगावणं पावसानं कधीच आडवं झालं होतं. मग ती आत आली. "मी करते," म्हणाली. "शबुद माझा हाय." तेजस्विनीनं दाखवलं त्या बटणावर तिनं बोट ठेवलं.

वर्षभर पडवीत जी घरघर होती ती थांबली. इतकी सवय झाली होती तिची, की घर एकदम परकं वाटायला लागलं. मिनिटभरानं भिमाबाईनंच परत बटण दाबलं. हिरवा दिवा लागला. आतून टक् असा आवाज आला. थोड्या वेळानं परत टक्. काच काळीच राहिली.

मंचरच्या दुरुस्तीवाल्यानं डबा उघडून पाहिला. "जुनी डिस्क हाय, ताई. वरीसभर फिरत व्हती, फिरत ऱ्हायली असती. थंड झाली आन् चिकाटली," तो म्हणाला. पुण्याला तेजस्विनीच्या ओळखीच्यानं पाहिली, त्यानंही हात टेकले. कुंडलिकच्या फोनमध्ये फोटो असतील म्हणून आदेशला विचारलं, तर तो फोन त्यानं दहावं झाल्यावर पुसून, नवं कव्हर घालून विकला होता. त्याची चूक म्हणावी तर चूक. पण त्याच्या दुकानात रोज तेच चालतं. राहिली ती एक रील. ती शोधायला आदेश आणि तेजस्विनी बसले, आणि सापडली नाही.

वर्षश्राद्धाला अंगणात मांडव घातला होता. नावं एकही राहिली नव्हती, त्यामुळे माणसं भरपूर होती. पंगती बसायच्या आधी सोपाननं पान वाढून भिंतीवर ठेवलं आणि सगळे हात जोडून उभे राहिले. गेल्या वर्षीचा अनुभव होता, म्हणून लोक जरा दमानं घेण्याच्या तयारीनं आले होते. भिमाबाई तर मान वर करत नव्हती. कावळा येणार नाही, हे तिला ठाऊक होतं. कुठल्या तोंडानं बोलवायचं, आणि न आला तर आता कुठला शब्द द्यायचा? एकच होता, तो दिला होता.

पण पान ठेवून सोपानचा हात मागे यायच्या आत कावळा आला. एक नाही, तिघे आले. भात, भजी, वडा, सगळ्यावर तुटून पडले.

"बघा!" सोपान लोकांकडे वळला. "दादा तृप्त झाला. वहिनीनं शबुद पाळला." बायका डोळ्यांना पदर लावायला लागल्या. साळुबाईनं तर भिमाबाईच्या पायाला हात लावला.

भिमाबाई कावळ्यांकडे बघत होती. गेल्या वर्षी घाटावर आला होता तोही असाच भुकेला असणार. आपण बोललो ते त्यानं ऐकलं नव्हतं. ते ऐकणारं तिथं कुणीच नव्हतं.

"वहिनी," पंगतीत वाढता वाढता सोपाननं सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "चालू हाय ना दादाची साईट?"

मांडवात शे-दीडशे माणसं होती. जवळजवळ प्रत्येकाच्या हातात नाहीतर खिशात फोन होता, आणि प्रत्येकात इंटरनेट होतं. तेजस्विनी पाण्याचा जग घेऊन उभी होती, तिनं मान खाली घातली. भिमाबाईनं एकदा त्या सगळ्या फोनांकडे पाहिलं. त्यांतल्या एकावरही कुणी साईट उघडून बघणार नाही हे तिला आता पक्कं माहीत होतं.

"हाय की," ती म्हणाली. "चालू हाय."

"शाब्बास," म्हणाला सोपान, आणि त्यानं पुढच्या पानावर भात वाढला.